तीन शिफ्टांचं घर आणि ऑक्टोपसची मादी

शाळांच्या भिंतींवर टांगलेले तक्ते कुणीतरी हातानं रंगवलेले असतात, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. अकरा वर्षं ते काम मी केलं. हृदयाचा उभा छेद, बेडकाचं जीवनचक्र, उसावरची कीड, जे मागितलं जाईल ते. चिंचवडला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं इतकंच. छपाईचं एक यंत्र, छापलेले तक्ते कापडावर चिकटवून त्यांना वर-खाली दांड्या ठोकणाऱ्या चार बायका, अक्षरं काढणारे चाचा आणि चित्रं काढणारी मी. चित्रकला शिक्षिकेचा कोर्स केला होता, पण शाळेत नोकरी मिळाली नाही, इथे मिळाली. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की ब्रशवरचा रंग कागदाला लागेपर्यंत सुकायचा.

सत्तरीचं दशक निम्मं सरलं असेल, तेव्हा सागरी प्राण्यांच्या बारा तक्त्यांचं काम आलं. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत, आणि दोन्ही वेळा सगळं लक्ष चपला सांभाळण्यात गेलं होतं. रावेतला पवनेच्या काठी वाढलेल्या मुलीला मासा म्हणजे नदीतला मरळ, नाही तर शिंगटी. पण काम आलं की करायचं. चित्रं तपासायला पुण्याहून एक निवृत्त प्राध्यापिका यायच्या. प्राणिशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. दर मंगळवारी बसनं यायच्या, पिशवीत स्वतःचा पाण्याचा पेला आणायच्या आणि खुर्चीवर टेकायच्या आधी चूक दाखवायच्या.

आठवा तक्ता होता पिलांची काळजी घेणाऱ्या सागरी प्राण्यांचा. एका कोपऱ्यात पोटाच्या पिशवीत पिलं वाढवणारा समुद्रघोडा, नर, आणि मधोमध मोठी ऑक्टोपसची मादी. समुद्रघोड्याखालची ओळ लिहिताना चाचांचा हात थांबला.

"बापाच्या पोटात पोरं? मॅडम, हे खरं हाय?"

"खरं आहे. लिहा."

"आमच्या मोहल्ल्यात हा तक्ता फुकट लावतो मी. निम्मे बाप्ये गाव सोडून पळतील."

चाचा पूर्वी ट्रकच्या मागं अक्षरं काढायचे. साठीला आले होते, पण त्यांची रेघ कधी हलली नाही.

ऑक्टोपस समजावा म्हणून मॅडमनी कॉलेजातून एक बरणी मिळवून दिली होती. आत औषधी पाण्यात बुडवलेला, पांढराफटक पडलेला गोळा. चाचांनी बरणी उजेडात धरली आणि म्हणाले, "उकडलेला बटाटा हाय हा. पाय फुटलेला." जिवंतपणी तो तपकिरी, तांबूस, ठिपक्याठिपक्यांचा असतो आणि मनात येईल तसा रंग बदलतो, असं मॅडमनी सांगितलं. मी आठ दिवस त्या बरणीसमोर बसून काढलं. खडकातली कपार, कपारीच्या छताला लटकलेल्या अंड्यांच्या माळा, तांदळाच्या दाण्याएवढं एकेक अंडं, आणि खाली चांगली भरलेली, तांबूस तपकिरी मादी. एका हातात तिला खेकडा दिला. बाकीच्या तक्त्यांवर सगळे प्राणी काही ना काही खात होते. मुलांना ते बघायला आवडतं, आणि रिकामा हात काढला की चित्र अर्धवट वाटतं.

मंगळवारी मॅडमनी चष्मा लावला. "ही काय करतेय?"

"खेकडा खातेय."

"खात नाही."

"मग दुसरं काय देऊ? शिंपला?"

"काहीच देऊ नका. अंडी घातली की ही खाणं सोडते. कपारीतून हलत नाही. अंड्यांवर पाण्याचा झोत सोडत राहते, हातांनी घाण काढत राहते. आठवडेच्या आठवडे. पाणी थंड असेल तर महिने. पिलं बाहेर पडली की मरते."

"आणि कुणी आणून दिलं तर?" चाचांनी विचारलं.

"टाकीत पाळलेल्यांना देऊन बघतात. ढकलून देते."

"हट्टी हाय."

"हट्ट नाही हो. तिच्या शरीरातच तसं असतं. ठरवून करत नाही ती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खेकडा काढा. आणि ही इतकी गुटगुटीत नको. हात बारीक, कातडी सैल, रंग उडालेला. पण काम करणारी दिसली पाहिजे."

मला तिच्या मरणाचं काही वाटलं नाही. आठ दिवसांचं काम वाया गेलं, याचं वाटलं. पोस्टर कलरवर असं झाकून दुरुस्ती करता येत नाही, खालचा गडद रंग वर येतो. नवा कागद ताणून पहिल्यापासून सुरुवात. मी पिशवी उचलली आणि चालत घरी आले. त्या वर्षांतल्या कुठल्याही दिवसाबद्दल विचारलं तर मला आधी पोटऱ्या आठवतात. सारख्या दुखायच्या.

घर म्हणजे पत्र्याच्या चाळीतल्या दोन खोल्या. त्यांत आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी, माझे दोन दीर आणि सासूबाई. तिघे भाऊ तीन वेगवेगळ्या कंपन्यांत आणि तिघेही शिफ्टमध्ये. एक सकाळी सातला जाणार आणि चारला घरी येणार, दुसरा दुपारी अडीचला निघणार आणि मध्यरात्री येणार, तिसरा सकाळी साडेसातला येऊन झोपणार आणि एकला उठणार. दर महिन्याला हे फिरायचं. कोण कुठल्या शिफ्टला आहे हे लक्षात राहावं म्हणून मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवायची. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांना तसंच पाठ असायचं.

सासूबाई चाकणजवळच्या एका खेड्यातल्या. मी त्यांना आत्या म्हणायची. सासरे गेल्यावर शेताचा तुकडा चुलत्यांकडे राहिला आणि त्या मुलांमागं इथे आल्या. मी कामावर जायची म्हणून मुलगी त्यांच्याकडे, स्वयंपाक त्यांच्याकडे. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. मीही कधी आभार मानले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

त्यांच्या गावी बाप्ये जेवून उठले की बायकांनी बसायचं. त्या तशाच वाढल्या, तशाच वागल्या. गावात त्यात काही बिघडत नसे, कारण शेतावरचे बाप्ये एकदमच जेवायचे. पंगत उठली की अर्ध्या तासात बायकांच्या हातात भाकरी. मला मात्र त्यांनी पहिल्याच महिन्यात सूट दिली होती. "तू खाऊन घे बया, तुला सकाळी कामावर जायाचंय." मी सकाळी डबा न्यायची आणि रात्री आठला मुलीला घेऊन जेवायला बसायची. त्या वाढायच्या.

मॅडमनी चित्र परत केलं त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, सासूबाई नळावर पडल्या. हंडा भरून उचलला आणि हंड्यासकट खाली बसल्या. शेजारणींनी उचलून आणलं. थोरला दीर रात्रपाळी करून नुकताच आला होता, तो त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेला आणि माझ्याकडे निरोप धाडला. मी पोचले तेव्हा डॉक्टर त्यांच्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघत होते.

"काय आजार आहे?" मी विचारलं.

"आजार सापडत नाही. अंगात रक्त नाही. या जेवतात का?"

"जेवतात की," दीर म्हणाला.

"कधी?"

दीर माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे.

"असंच चाललं तर पुढच्या वेळी नळावर नाही, चुलीवर पडतील," डॉक्टर म्हणाले. "आणि मग माझ्याकडे आणू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. किती दिवस काढतील, सांगता येत नाही."

घरी आल्यावर मी सरळ चौकशी केली. थोरल्या भाऊजींना विचारलं, आत्या तुमच्याबरोबर जेवतात ना? ते म्हणाले, "छे, मी एक वाजता जेवतो. ती दादा आल्यावर चारला जेवते." दादा म्हणजे आमचे हे. ह्यांना विचारलं. "चारला? चारला ती चहा घेते माझ्याबरोबर. जेवण धाकट्याबरोबर करत असेल, तो जायच्या आधी." धाकटा म्हणाला, "वहिनी, दोनला ती मला वाढते. स्वतः तुमच्याबरोबर रात्री बसते ना?"

रात्री मी जेवायची तेव्हा त्या वाढायच्या. धाकटा यायचा असतो म्हणायच्या.

तर असा हिशेब होता. शेवटचा बाप्या जेवल्याशिवाय त्या बसणार नव्हत्या, आणि तीन शिफ्टांच्या घरात शेवटचा बाप्या असा नसतोच. मध्यरात्री एक जेवून झोपतो तोवर दुसऱ्याची सातच्या आधीची न्याहारी डोक्यात असते. मधल्या वेळात त्या चहा घ्यायच्या, प्रत्येकाबरोबर एक कप. प्रत्येकानं त्यांच्या हातात कप पाहिला होता, त्यामुळे प्रत्येकाला वाटायचं, झालं असेल. रात्री तवा थंड झाल्यावर चतकोर भाकरी चहात बुडवून खायच्या, तीही भूक मेल्यावर.

मला का दिसलं नाही? आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. दर गुरुवारी तिघे भाऊ घरी, बाराला एकत्र जेवायचे आणि पाठोपाठ आम्ही दोघी. दर गुरुवारी मी त्यांना माझ्या डोळ्यांनी दोन भाकरी खाताना पाहत होते. आठवड्यातून एकदा.

मग मी चार दिवसांची रजा घेतली आणि त्यांना खायला घालायचा प्रयत्न केला. नऊला ताट समोर ठेवलं.

"रात्रपाळीचा उठला का?"

"नाही. तुम्ही खा."

"आत्ता?" जणू मी त्यांना रस्त्यावर नाचायला सांगितलं होतं. "त्यो उपाशी निजलाय आन् मी खाऊ?"

"आत्या, डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना?"

"डाक्टरला काय कळतंय? त्याची आई जेवत आसंल त्याच्या आदी."

मी ओरडले. मी पाणी आणायला उठले तेव्हा भाकरी मुलीच्या हातात होती. दुसऱ्या दिवशी हे ओरडले. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं शपथ घातली, तेव्हा त्यांनी दोन घास घेतले आणि बाहेर जाऊन ओकल्या. मुद्दाम नव्हे. घशाखाली उतरेनाच. नेम मोडल्यासारखं झालं असावं. पाचव्या दिवशी रजा संपली आणि त्यांना तसंच ठेवून मी कामावर गेले.

तक्ता थांबला होता. कपार काढून झाली, माळा काढून झाल्या, मादी जमेना. बरणीतला गोळा औषधानं फुगलेला, त्याच्यावरून सैल कातडी कळत नव्हती. सासूबाई दुपारी पडून असायच्या, तेव्हा रजेच्या दिवसांत मी त्यांच्या दंडाकडे बघितलं होतं. चोळीच्या बाहीला त्यांनी आतून दोन वेळा टाके घालून घेतले होते आणि तरी ती ढिली होती. कोपराच्या वर कातडी जिथे दुमडते तिथे सावली गडद नसते, राखी असते, आणि कडेला बारीक उजळ रेघ असते. ते मी लक्षात ठेवलं आणि वापरलं. लाज वगैरे वाटली नाही. डोळ्यांना असं निरखायची सवयच होती. ती त्यांच्या बाबतीत आधी कामी आली असती तर बरं झालं असतं, एवढं वाटलं.

मंगळवारी मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "हे बरोबर आहे. कुठे पाहिलंत?"

"घरी," मी म्हटलं, आणि मग काय झालं ते थोडक्यात सांगितलं. चाचा ब्रश धुवत होते. त्यांनी मान वर केली.

"पण बाई, तिघं कंपनीतले ना? पर्मनंट?"

"हो."

"मग कँटीन हाय की त्यांना. माझा जावई पोट भरून येतो. घरी आल्यावर बायकोला म्हणतो, नुसता चहा दे."

कँटीनचं मला माहीत होतं. पण आमचे तिघेही म्हणायचे, तिथलं जेवण घशाखाली उतरत नाही. संध्याकाळी घरी जाऊन मी ह्यांच्या कामाच्या पँटचा खिसा बघितला. जेवणाच्या कुपनांची वही. त्या तारखेपर्यंतची सगळी कुपनं फाडलेली.

चहा देताना मी वही समोर ठेवली.

"हे काय?"

ह्यांनी वहीकडे बघितलं आणि मग दाराकडे. सासूबाई बाहेर मुलीचे केस विंचरत होत्या.

"हळू बोल. आम्ही तिघंही जेवतो तिथं. साडेअकराची सुट्टी होते, सगळे उठतात, एकटं काय मशीनपाशी बसायचं?"

"आणि चारला घरी परत?"

"परत. आई ताट घेऊन बसलेली असते. तिला नाही कसं म्हणू? धाकटा तर बाहेर शर्टाचं खालचं बटण सोडून आत येतो." थोडं हसले. मी हसले नाही तेव्हा थांबले.

"तिला सांगा," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? तिला काय वाटेल? इतकी वर्षं ती थांबली आणि आम्ही तिकडं चापून येत होतो? जिवाला लावून घेईल."

"नाही सांगितलं तर जीवच जाईल."

"आपण दुसरं काहीतरी करू. टॉनिक आणू."

टॉनिक आणलं होतं. ते फळीवर होतं. बूच उघडलेलं नव्हतं.

दोन दिवस तिघा भावांची खलबतं चालली. कुणाचंही धाडस होईना. शेवटी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साडेअकराला घरी आले. रात्रपाळीचा आत झोपला होता, हे पहिल्या शिफ्टला, धाकटा पोस्टात काही कामाला गेला होता. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. मी शेजारी बसले आणि सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. तिघेही कंपनीत जेवतात. रोज. डाळ, भात, भाजी, चपात्या. मग घरी येऊन पुन्हा जेवतात, कारण तुम्ही वाट बघता.

त्यांच्या हातातली भाकरी तव्यावर पडली. ती उलटायची वेळ झाली तरी त्यांनी उलटली नाही, मी उलटली.

"किती दिसापासनं?"

"पर्मनंट झाल्यापासून. तीन-चार वर्षं."

"तिघंबी?"

"तिघंही."

"धाकटाबी?"

"तोही."

त्यांनी जाळ कमी केला. हाताचं पीठ परातीत झाडलं. मला वाटलं, आता रडतील, आणि खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाजी काय आसती थितं?"

"रोज वेगळी. बटाटा, कोबी."

"त्याल लई टाकत आसतील."

"असेल."

"आन् मी हितं वांगं निवडीत बसते. त्याला कवळंच लागतंय म्हनून धा वांगी दाबून बघते मी बाजारात." त्यांचा चेहरा असा झाला होता की मी बाजूला सरकले. कुणी मारलं तर राग येतो तसा राग. लाजही होती. सगळ्या चाळीला माहीत असेल आणि आपल्यालाच नाही, अशी.

मग त्यांनी फळीवरची पितळी ओढली. दुरडीतली भाकरी घेतली, वर वांग्याची भाजी घातली, कांदा फोडला, आणि चुलीकडे तोंड करून खायला बसल्या. आत मुलगा उपाशी, म्हणजे त्यांच्या जुन्या हिशेबानं उपाशी, झोपला होता. हळूहळू खात होत्या, मधे थांबत होत्या, घास अडकला की पाणी पीत होत्या. मला भीती होती की बाहेर धावतील. धावल्या नाहीत. एक भाकरी संपल्यावर दुसरी घेतली. अर्धी उरली ती पितळीतच ठेवून थोड्या वेळानं परत खाल्ली.

त्यानंतर घर सोपं झालं असं मी म्हणणार नाही. हे माझ्याशी महिनाभर मोजकं बोलले. थोरला दीर म्हणाला, वहिनी, तुम्ही आईला तोडलंत. त्यात थोडं खरं असावं. सासूबाई पूर्वी मुलांसाठी शेंगदाण्याची चटणी कुटायच्या, ती बंद झाली. वाढताना पूर्वी आणखी एक घे म्हणायच्या, ते बंद झालं. बाजारातून येईल तसं वांगं यायला लागलं, निबर असलं तरी. माझ्याशीही त्या जरा तुटकच वागायच्या. बातमी मी दिली होती ना. पण त्या अकराला जेवायच्या. पावसाळा सरेपर्यंत बाहीचे टाके त्यांनी उसवले.

तक्ता छापून आला तेव्हा मादीचा राखाडी रंग छपाईत हिरवट झाला होता. मॅडम चिडल्या. मी म्हटलं, असू द्या, मुलांना काय कळणार? तसाच गेला.

त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. चारला हे आले. हात-पाय धुऊन नेहमीसारखे पाटावर बसले. सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकल्या होत्या. उठल्या नाहीत.

"आई, वाढतेस ना?"

"कंपनीत जेवला न्हाईस?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे वळवले नाहीत.

"जेवलो," ह्यांनी सांगितलं.

"मंग?"

ह्यांनी उठून पाट भिंतीला लावला आणि माठातलं पाणी प्यायले. सासूबाई मुलीला म्हणाल्या, "हल जरा, पोट जड झालंय माझं," आणि तिला मांडीवरून उतरवून आडव्या झाल्या. सगळ्यांच्या देखत, दिवसाढवळ्या, त्या झोपल्या. मी चहा ठेवला. दोनच कप, ह्यांना आणि मला.